शेपटीपुरता लांडगा

कुणी नवा माणूस दिसला की तात्या आधी कुत्र्याला हाक मारायचे, अंगठ्याने त्याचा वरचा ओठ उचलायचे आणि सुळा दाखवून म्हणायचे, "ह्यो कुत्रा न्हाय." स्वतःचं नाव त्यानंतर. ते राहून गेलं तरी त्यांचं काही अडायचं नाही.

वरकुट्याच्या माळावर ते मेंढरं राखत. त्यांच्या वाघ्याची आई म्हणे एका थंडीत माळावर पळून गेली आणि लांडग्याच्या घरी नांदून परत आली. तिच्या सासरी काय शिजत होतं, एवढंच सांगायचं तात्यांनी बाकी ठेवलं होतं. आता तुम्हीच बघा, नाव वाघाचं, रक्त लांडग्याचं, आणि फटाका वाजला की हा गडी थेट खाटेखाली. लांडगा सावधच असतो, असं तात्यांचं त्यावर म्हणणं.

मी बारामतीची. माळरानांवर लांडगे किती उरलेत आणि त्यांच्यात कुत्र्यांचं रक्त किती मिसळलंय, हे डीएनएवरून शोधायचं आमचं काम. त्यासाठी लांडग्यांची विष्ठा पिशव्यांत भरायची आणि कुत्र्यांच्या गालात कापसाची काडी फिरवून लाळ घ्यायची. तात्यांना माझी फार कीव यायची. एवढं शिकून पोरीच्या वाट्याला हे आलं, असं ते माझ्यादेखत बायकोला, नानींना, सांगायचे. मग भाकरी आणि ठेचा पुढं करायचे, पण आधी हात धुवायला लावायचे.

वाघ्याचीही लाळ तपासू म्हटल्यावर ते हरखले. साऱ्या गावाला सांगून आले. मग एकदा सहज त्यांनी विचारलं, लांडग्याचं रक्त निघालं तर पुढं काय? अशी जनावरं राहू द्यायची की उचलून न्यायची, हे वरच्यांनी अजून ठरवलेलं नाही, असं मी सांगून टाकलं. सरकारी 'अजून ठरलेलं नाही' म्हणजे काय, ते तात्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचा चेहराच पडला.

पुढच्या खेपेला काडी घेऊन गेले तर तात्यांनी पाणी विचारायच्या आधीच सुरुवात केली.

"म्याडम, ह्याच्यावानी गरीब कुत्रं तालुक्यात न्हाय. बाप निमगावच्या यष्टी स्टँडवरचा. भजी खायचा."

नानी तोंडाला पदर लावून हसत होत्या. तात्या नको म्हणाले असते तर मी काडी पिशवीतून काढलीही नसती. पण गावभर सांगून बसलेला माणूस माघार कशी घेणार? त्यांनी वाघ्याला दोन्ही गुडघ्यांत धरलं. मी काडी फिरवत होते तेव्हा वाघ्या शांत होता, तात्यांनीच डोळे घट्ट मिटून घेतले होते. मला फार वाईट वाटलं.

निकाल यायला काही महिने गेले. तेवढ्या दिवसांत कुणीही पाहुणा आला तरी तात्यांनी कुत्र्याचा विषय काढला नाही.

वाघ्या निखळ कुत्रा निघाला. मी सांगितलं तसे तात्या मातीतच बसले.

"म्हंजी ह्यो हितंच ऱ्हानार?"

व्हय म्हटल्यावर त्यांनी वाघ्याच्या मानेत तोंड खुपसलं ते बराच वेळ वर काढलं नाही. नानींनी चहात साखर जरा जास्तच घातली.

निघताना ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "थोडं तरी असंल की, म्याडम. शेपटीपुरतं?"

मला राहवलं नाही. आणि मी सांगितलं ते खोटंही नव्हतं. कुत्र्यांची जातच मुळात लांडग्यांपासून आली, फार फार पूर्वी, असं मी त्यांना सांगितलं. तात्या फुलून गेले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"समद्या कुत्र्यांची?"

"समद्या."

"स्टँडवरल्या बी?"

मी मान डोलावली. तात्यांनी पुन्हा एकदा आजूबाजूला बघून घेतलं.

"मंग ह्ये गावात नगा सांगू."

गेल्या पावसाळ्यात तात्या गेले. वाघ्या आता नानींच्या मागं मागं असतो. वरकुट्यात मी ती गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. कधी तिकडं गेलात तर तुम्हीही सांगू नका.