पेपरवाल्या गावात आईसोबत

आई साताऱ्याहून माझ्याकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आली तेव्हा मी मॉल, तलाव, नायगारा असा जंगी प्लॅन केला होता. तिनं तो बाजूला सारला आणि विचारलं, "इथं एखादा छोटा, गावातला पेपर निघतो का?" सातारच्या एका दैनिकात तिनं सारी नोकरी काढली. बातमीवर नाव मात्र कायम 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

शोधता शोधता एक गाव सापडलं. नॉर्वेहून आलेल्या लोकांनी वसवलेलं. जुना नॉर्वेजियन पेपर म्युझियममध्ये, आणि आजचं इंग्रजी साप्ताहिक चक्क चालू! पेपर गुरुवारी येतो, म्हणून शनिवारची वाट न बघता मी गुरुवारची सुट्टीच टाकली.

५२ नंबरचा हायवे धरला. रॉचेस्टरनंतर रस्ता टेकड्यांमध्ये शिरतो; तिथं गाडी हळू चालवा, हरणं आडवी येतात. पेट्रोल रॉचेस्टरलाच भरा.

म्युझियमच्या दारावर चिठ्ठी होती : 'पेपर आलाय. मी समोरच्या ऑफिसात आहे.' समोर गेलो तर सत्तरीच्या इन्ग्रिडबाई गठ्ठे सोडत होत्या. म्युझियमही त्यांचंच, संपादकही त्याच! पेपर आता दूरच्या शहरात छापून येतो, पत्त्याची लेबलं मात्र इथंच चिकटवतात.

आईनं गठ्ठ्यातला पेपर उचलून नाकाशी धरला. "अगं, तोच वास!" मग पदर खोचला आणि लेबलं लावायला बसली. मलाही बसवलं.

काम झाल्यावर इन्ग्रिडबाईंनी लेफ्से खाऊ घातले. बटाट्याची पातळ पोळी, आत लोणी-साखर. मग म्युझियम उघडलं. तिकीट नाही, ऐच्छिक देणगी. जुन्या पेपरात नॉर्वेतल्या एकेका जिल्ह्याच्या बातम्या : कुणाचं लग्न, कुठं पूर, कोण गेलं. समुद्रापलीकडे आलेली माणसं आठवडाभर त्यांची वाट बघायची.

"आणि आता तिकडे नॉर्वेत?" आईनं विचारलं. मी भाषांतर करत होते.

"माझी बहीण तिथल्या एवढ्याशा गावात राहते," इन्ग्रिडबाई म्हणाल्या. "त्यांचा अजूनही स्वतःचा पेपर आहे. आता ती फोनवर वाचते, पण वाचते! आमचा मात्र कधी बंद पडेल, सांगता येत नाही. लिहायला माणसं नाहीत." एकदम त्या आईकडे वळल्या. "तुम्ही लिहा ना! सातारचा पेपर कसा निघायचा ते. नावानिशी छापते."

"माझ्या नावानं?" आईनं मला दोनदा विचारून खात्री केली. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर बसून ती लिहीत होती. मी गाणी लावली तर म्हणाली, "बंद कर गं, डेडलाइन आहे!"

लेख मी इंग्रजीत करून तिच्या फोटोसह पाठवला. दोन आठवड्यांनी पेपर टपालानं आला. आईचा लेख, आईचा फोटो, आणि खाली नाव. सुमतीची झाली होती 'समिती आपटे'! आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आयुष्यभर नगरपालिकेच्या समित्या कव्हर केल्या, शेवटी मीच समिती झाले!" मग चष्मा पुसून गंभीरपणे म्हणाली, "दुरुस्ती छापायला सांग."

पुढच्या अंकात दुरुस्ती पहिल्याच पानावर आली, चौकटीत. सुमती आपटे, सातारा. आई नायगारा न बघताच परत गेली, तिचं काही अडलं नाही. मी त्या पेपरची वर्गणी भरलीय. माझ्या शेजाऱ्यांची नावं मला अजून नीट माहीत नाहीत, पण त्या गावात कुणाला नातू झाला ते माहीत असतं. दर रविवारी फोनवर आई आधी तेच विचारते.