जाळीच्या आतले रविवार

"बाहर कोई नहीं खडा होगा. या अंदर, या घर."

हे म्हणताना ते टेनिस कोर्टाच्या जाळीचं फाटक एका पायानं उघडं धरायचे आणि रॅकेटनं आतली जागा दाखवायचे. आवाज कधी चढवला नाही. पण दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीतले एक निवृत्त कर्नल, ज्यांच्यापुढे लिफ्टसुद्धा दबकून थांबते असं वाटायचं, तेही हे ऐकून मुकाट्यानं घरी परत गेलेले मी पाहिलेत.

सगळे त्यांना मार्करसाब म्हणायचे. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. आपलं नाव छापलेलं पाहून त्यांना अवघडल्यासारखंच झालं असतं. वय साठीच्या पुढे, अंगानं बारीक. कानावरून मफलर, अंगात बायकोनं विणलेला तपकिरी स्वेटर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट इतके पांढरे की आमचे नवे कोरे बूट त्यांच्याशेजारी मळकट दिसायचे.

मार्कर म्हणजे काय, हे मला त्यांनाच विचारावं लागलं. माझे वडील तालुक्याच्या बाजार समितीत हमाल होते. आमच्या घरात बी.कॉम. होणारी मी पहिली. हे मी अभिमानानं सांगते आणि कुठेही सांगते. पण त्या बी.कॉम.मध्ये टेनिस नव्हतं. ते म्हणाले, "मोठ्या क्लबात तीस वर्षं काम केलं, जी. साहेब लोकांना बॉल द्यायचा. त्यांना मारता येईल असा. जिंकायचं नाही, हे त्या नोकरीत लिहिलेलंच असतं." अर्थात, हे सगळं हिंदीत. त्यांचं हिंदी हरियाणाकडचं, माझं ऑफिसातलं. तरी कधी अडलं नाही.

माझा मुलगा तन्मय तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याला त्यांच्याकडे घातलं आणि मी मला जमतं ते केलं. एक वही आणली. मार्करसाब टोकायचे, तरी तो खेळत असताना मी जाळीबाहेर उभी राहायची आणि चुका लिहायची. बॅकहँड नेटमध्ये, सहा. सर्व्हिस बाहेर, नऊ. लक्ष नाही, दोनदा. आणि घरी जाताना लिफ्टमध्ये वाचून दाखवायची. पहिल्या मजल्यापासून अकराव्यापर्यंत बरोबर एक पान व्हायचं. मी स्वतः अशीच शिकले, चुकांची यादी भिंतीला चिकटवून. पोरगा शिकावा म्हणून दुसरं काय करतात, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. एकदा तर मी मार्करसाबना विचारलं होतं, "इसका कोर्स कब तक पूरा होगा?"

त्यांनी चेंडू हातात फिरवला. "मेरा तो अभी चल रहा है, जी."

डिसेंबर लागला आणि तन्मयचं मनगट दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. दोन दिवस क्रेप बँडेज बांधा म्हणाले. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. जेवताना, अभ्यास करताना, झोपताना पट्टी हाताला. टेनिस बंद. मी बाम लावला, शेक दिला आणि कळवळून वहीचं राहिलेलं पानही वाचून दाखवलं, म्हणजे बरा झाल्यावर विसरायला नको.

एका सकाळी ऑफिसला निघताना मार्करसाबनी मला पार्किंगमध्ये थांबवलं. "हाथ ठीक है उसका."

"म्हणजे?"

"रोज शाम को नीचे बेसमेंट की दीवार पे खेलता है. उसी हाथ से."

माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं, काय सांगू. खोटं बोलणं मला खपत नाही. तशीच वर जाणार होते, पट्टी ओढून काढणार होते. त्यांनी नुसती रॅकेट आडवी धरली.

"पट्टी मत छेडिए. जिस दिन उतारनी होगी, खुद उतारेगा."

"आणि तोवर मी काय करू?"

"आप? आप खेलिए. संडे को, ग्यारह बजे. पूरा घर."

मी त्या दिवशी मेट्रोत बसून तोच हिशेब करत राहिले. मुलाला खेळ नको होता असं नाही. त्याला भिंत चालत होती, मी चालत नव्हते.

तर रविवार. दिल्लीचा हिवाळा तुम्ही काढला असेल तर अकरा वाजता रजईतून निघणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या कोर्टावर दोन टॉवरांच्या मधल्या फटीतून ऊन यायचं ते अकरा ते दीड. धुरकं फार असेल त्या दिवशी खेळ नाही. मार्करसाबचा त्यासाठी एकच नियम. पलीकडच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसली तर खेळायचं, नाही दिसली तर घरी जाऊन चहा प्यायचा. नवरा मिलिंद मोबाईलवर प्रदूषणाचा आकडा दाखवायला गेला तर ते टाकीकडेच बघायचे.

पहिल्या रविवारी टाकी दिसली. मिलिंद शाळेत क्रिकेट खेळलेला, त्यामुळे त्याला सगळंच येत होतं, फक्त चेंडू लागत नव्हता. सासूबाईंनी नाशिकहून येऊन दोन वर्षं झाली तरी दिल्लीत पाय मोकळे केले नव्हते. त्या शाल पांघरून, साडीवर सरोजिनी नगरच्या बाजारातले बूट घालून आल्या. मी ओढणी कमरेला आवळलेली. आणि तन्मय पट्टीचा हात छातीशी धरून जाळीबाहेर उभा.

"बाहर कोई नहीं," मार्करसाब म्हणाले.

"अंकल, मेरा हाथ."

"हाथ का काम नहीं है. आवाज का है." रंगाऱ्यांची विसरलेली घडीची शिडी नेटपाशी लावलेली होती, तिच्यावर त्यांनी त्याला बसवलं. "नेटवरून बॉल किती वेळा गेला, मोजायचं. तुमच्या भाषेत. हार-जीत नाही, सगळ्यांचे मिळून शंभर."

शंभर कसले. माझा पहिलाच चेंडू जाळीवरून पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी गाडीच्या टपावर. मिलिंद म्हणाला, "वा, थेट करोल बाग." शिडीवरून हसू आलं. पंधरा-वीस दिवसांत मी ते ऐकलं नव्हतं.

मार्करसाब एकटे एका बाजूला, आम्ही तिघं दुसऱ्या. त्यांचा चेंडू कसा यायचा, ते बघण्यासारखं होतं. मिलिंदला जरा वेगानं, म्हणजे त्याचा मान राहील. मला कमरेइतका, उजव्या हाताला. सासूबाईंसाठी तर तो टप्पा घेऊन त्यांच्या रॅकेटवर येऊन बसायचाच. सासूबाई नुसती रॅकेट धरायच्या आणि चेंडू पलीकडे जायचा. "जमतंय की मला," त्या म्हणायच्या आणि आमच्याकडे अशा बघायच्या की आम्हीच शिकाऊ.

दुसऱ्या रविवारी तन्मय अठ्ठावीसपर्यंत मोजत गेला आणि अडकला. दिल्लीत वाढलेला पोरगा, पुढचा आकडाच येईना. "आजी, ट्वेंटी-नाइन?" "एकोणतीस रे," म्हणून सासूबाई वळल्या आणि चेंडू त्यांच्या पाठीला लागला. तेवढ्यात ते एकोणतीस गेले. पण पुढच्या आठवड्यात तो पाठ करून आला होता, नव्व्याण्णवपर्यंत. मी सांगितलं नव्हतं.

शिडीवर बसून त्याला माझं सगळं दिसायला लागलं. "आई, पाय हलव." "आई, आधी वळ." "आई, बॉलकडे बघ, मार्करसाबकडे नको." चार वेळा ऐकलं, पाचव्यांदा मी रॅकेट खाली केली. "गप्प बस जरा. समजतं मला. तू सारखं बोलतोस म्हणूनच चुकतंय."

मार्करसाब नेटपाशी चेंडू गोळा करत होते. वर न बघता, मला एकटीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "यही बात वो भी मुझसे कहता था."

मी बाटलीतलं पाणी प्यायले. घरी गेल्यावर ती वही रद्दीत टाकली, तीही कुणाला न दाखवता. नंतर मी त्यांना विचारलं, की बाहेर उभं राहू न देण्याचं एवढं काय आहे. ते म्हणाले, "जो बाहर खडा है, उसको सिर्फ गलती दिखती है. अंदर आ जाए तो अपनी ही गलतियों से फुरसत नहीं."

जानेवारीत मिलिंद ऑफिसच्या कामानं बाहेरगावी होता. कोर्टावर मी आणि सासूबाई दोघीच. एकोणचाळीसपर्यंत गेलो आणि मला धाप लागली. तन्मय शिडीवरून उतरला. हाताची पट्टी उलगडली, नीट गुंडाळून तिची छोटी सुरळी केली आणि आजीच्या हातात दिली. सासूबाईंनी ती कमरेच्या बटव्यात टाकली आणि पदर खोचला. मार्करसाबनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी काही बोलले नाही. लोकांना बी.कॉम. अवघड वाटतं. मी सांगते, ते एक मिनिट जास्त अवघड होतं.

शंभर पुरे झाले ते फेब्रुवारीत. शेवटचा चेंडू मिलिंदनं मारला, असं तो अजून सांगतो. सासूबाईंनी मेथीचे लाडू वाटले. मार्करसाबनी एक खाल्ला आणि सभ्यपणे विचारलं, "ये दवाई है?"

रविवारचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की गुडघे आता ऐकत नाहीत, होळीनंतर गावी जाणार. सासूबाईंनी विचारलं, "आपकी घरवाली भी खेलती है?"

ते हसले. "क्लब में हमारे घरवालों को कोर्ट पे आना मना था. फिर आदत हो गई. उसने मुझे कभी खेलते देखा ही नहीं."

सासूबाई उठल्याच. "पुढच्या रविवारी घेऊन या. नाहीतर लाडू परत द्या."

ती आली. लाल शाल, डोक्यावरून पदर. मार्करसाब त्या दिवशी पार बावचळले होते. तीस वर्षं साहेबांना अचूक चेंडू देणाऱ्या माणसाचे पहिले दोन चेंडू बायकोच्या डोक्यावरून गेले. शेवटी तन्मयनं त्यांच्या हातातून चेंडू घेतला, त्यांना बाकावर बसवलं आणि पुढे होऊन हातानंच तिला चेंडू टाकला, हळू, कमरेइतका. तिचा फटका नेटच्या वरच्या पट्टीला लागून पलीकडे पडला. तिनं रॅकेट उलटसुलट करून पाहिली.

"इसके लिए चार बजे उठते थे?"

"हां जी," मार्करसाब म्हणाले. बायकोला कुणी इतक्या अदबीनं 'हां जी' म्हटलेलं मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

ह्या हिवाळ्यात ते नाहीत. कोर्टावर टी-शर्टवर नाव छापलेले तरुण कोच आहेत, चांगले आहेत. तन्मय काही चॅम्पियन झाला नाही. होणारही नाही. रविवारी आम्ही चौघं जातो. गेल्या रविवारी खेळून लिफ्टमध्ये शिरलो. मिलिंद आणि सासूबाई खाली उन्हातच बसलेले, आम्ही दोघंच. तिसऱ्या मजल्यावर तन्मय म्हणाला, "आई, मॅथ्समध्ये फेल झालोय. पेपर शुक्रवारीच मिळाला. तुला सांगणार होतो."

अकरावा मजला येईपर्यंत मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते. मग म्हणाले, "बरं. जेवल्यावर बसू दोघं. कुठे अडतंय ते दाखव."

तो आंघोळीला गेल्यावर मी मार्करसाबना फोन लावला. पलीकडे म्हशीचा आवाज, भांड्यांचा आवाज. म्हटलं, "मार्करसाब, लडका मैथ्स में फेल हुआ है. मुझे खुद बताया. मैंने पूछा भी नहीं था."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मुबारक हो, जी," ते म्हणाले. "बहुत बहुत मुबारक."

आणि मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "कौन पास हुआ?"