शेठच्या सर्व्हरचा नंबर

राजुरीच्या रस्त्याला द्राक्षं बाहेरच्या देशात पाठवणाऱ्या शेठचं ऑफिस होतं. तिथं मी झाडलोट आणि चहा करायचे. मोबाइल नुकते सगळ्यांच्या हातात येत होते. शेठनी पुण्याहून एक मशीन आणून छोट्या थंड खोलीत बसवलं. त्याला सगळे सर्व्हर म्हणायचे. पुण्याचे, मुंबईचे, परदेशातले लोक आपापल्या फोनवरून त्यात चार आकडी नंबर दाबायचे आणि मग सगळे एकत्र बोलायचे. त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असायची, कारण धूळ मी पुसायचे.

एका सकाळी परदेशातल्या गिऱ्हाइकानं माल नको म्हणून कळवलं. आदल्या दिवशी शेठनी फोनवर जो भाव सांगितला होता, त्याच्या जरा खालचा भाव नारायणगावच्या दुसऱ्या व्यापाऱ्यानं त्याला दिला होता. त्या व्यापाऱ्याकडे माझा दीर हमाली करायचा, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

पुण्याचा इंजिनिअर दुपारी आला. मशीन बघून म्हणाला, "बाहेरच्या फोनवरून एक जण आत येऊन सगळं ऐकत होता. एसटीडी बूथचा फोन आहे. नंबर पहिल्याच फटक्यात बरोबर दाबलाय. म्हणजे त्याला माहीत होता."

शेठनी जीपच्या ड्रायव्हरला आणि मला बोलावलं. आधी माझ्याकडून किल्ली मागून घेतली. मग म्हणाले, "बाई, खरं सांगा. तुमच्या दिराला काही बोललात?"

"न्हाई शेठ."

"नंबर माहीत आहे तुम्हाला?"

नंबर मला माहीत होता. हो म्हणावं तर चोर ठरायचं, नाही म्हणावं तर खोटं. काम गेलं असतं तर पोरींची शाळा बंद पडली असती. त्या ऑफिसात चार माणसांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"हाय माहीत," मी म्हणाले.

इंजिनिअरनं पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितला?"

"कुणी न्हाई सांगितला. मशीन बसवलं तवा तुमी दाबत व्हता, मी फरशी पुसत व्हते. तो जीपचा नंबर हाय. टेम्पोचा बी त्योच. शेठच्या स्कूटरचा बी."

ड्रायव्हर म्हणाला, "राव, फोनचे शेवटचे चार आकडे बी त्येच की. मार्केटात पोरंसोरं लांबून गाडीचा नंबर वाचत्यात अन् म्हणत्यात, आला शेठ."

"लकी नंबर आहे तो माझा," शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"शेठ, मग आतापर्यंत किती जण येऊन ऐकून गेले, देवाला माहीत," इंजिनिअर म्हणाला.

त्यानं संध्याकाळपर्यंत बसून सगळं बदललं. प्रत्येकाला वेगळा, मोठा नंबर. तीनदा चुकला की फोन बंद. सगळी माणसं आली की आतून दार लावल्यासारखी मशीनची वाट बंद करायची, मग नवीन कुणी येणार नाही. शेठ हळूच म्हणाले, "माझा तेवढा जुनाच राहू दे की." इंजिनिअरनं मानेनंच नाही म्हटलं.

बूथवर कोण उभं होतं ते कधीच कळलं नाही. निघताना शेठनी किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. चुकलो वगैरे काही म्हणाले नाहीत. मी ती परत कमरेला खोचली.

पुढच्या मीटिंगला मी चहा घेऊन आत गेले, तेव्हा शेठच्या समोर नव्या नंबराचा कागद होता. मला बघताच त्यांनी त्यावर हात ठेवला. क्षणभर वाईट वाटलं. मग मी तोंड भिंतीकडे करून कप भरले, आणि त्यांचा नंबर दाबून होईपर्यंत तशीच उभी राहिले.