रोज एक तांब्या

सरोजिनी गद्रे ही बाई कुणाचं वाईट चिंतणारी नव्हे, असं सिंगापुरातल्या निम्म्या मराठी मंडळींचं मत होतं. उरलेल्या निम्म्यांना ती माहीतच नव्हती. नोव्हेनातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती चोवीस वर्षं रक्ताच्या नळ्या तपासत होती, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती, आणि गणपतीत कुणी मोदक वळायला बोलावलं तर जात होती. अशा बाईने दोन हजार सहाच्या चैत्रात एका माणसाचा सूड घेतला. तोही हसतमुखाने, हातात कैरीच्या डाळीची वाटी धरून.

सगळं सुरू झालं सुपारीएवढ्या एका निवडुंगापासून. शास्त्रज्ञ त्याच्या जातभाईंना टर्बिनिकार्पस म्हणतात. उत्तर मेक्सिकोत जिप्समच्या पांढुरक्या टेकड्या आहेत, तिथल्या भेगांमध्ये तो वाढतो. वाढतो म्हणायचं आपलं. सुपारीएवढा व्हायला त्याला वीस-वीस वर्षं लागतात. पाऊस नसला की तो अंग आक्रसून मातीत खाली जातो, आणि वर उरतात ते कागदासारखे वाकडे काटे, जे बघणाऱ्याला वाळकं गवत वाटतात. एका टेकडीवरचा प्रकार शेजारच्या टेकडीवर सापडेलच असंही नाही. असल्या हट्टी, चिमुकल्या झाडावर सरोजिनीचा जीव जडला होता.

त्यासाठी दोन हजार तीन साली साठवलेली सगळी रजा खर्चून ती मेक्सिकोला गेली. तिथल्या एका खेड्यातले शाळामास्तर, एलिसेओ त्यांचं नाव, परवाना काढून रोपवाटिका चालवायचे. त्यांनी तिला टेकडीवर नेलं आणि पालथं पडून शोधायला सांगितलं. चाळीस मिनिटं ती शोधत होती. शेवटी मास्तर खाणाखुणांनी म्हणाले, तुमच्या उजव्या कोपराशेजारी बघा. तिथे एक नव्हे, सात होते. बाई रडली. मास्तरांनी तिच्याकडून एकच वचन घेतलं, की ही टेकडी कुठे आहे ते कुणाला सांगायचं नाही. मग वाटिकेतल्या पाहुण्यांच्या वहीत तिचं नाव लिहून घेतलं, आणि स्वतः बियांपासून वाढवलेली तीन रोपं तिला रीतसर कागदपत्रांसकट दिली.

सिंगापूरच्या दमट हवेत पहिल्याच डिसेंबरात दोन रोपं कुजली. तिसरं तिने इरेला पेटून जगवलं. त्याच्यासाठी टेबलफॅन आणला, पावसाचा शिंतोडा येऊ नये म्हणून छत केलं, आणि वीस दिवसांतून एकदा पिपेटने मोजून थेंब घालू लागली. निवडुंग तहानेने मरत नाही, पाण्याने मरतो, हे तिला तेव्हा कळलं.

आता विश्वास. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, ईस्ट कोस्टला समुद्रासमोर कॉन्डो, आणि जे दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे जास्त असलं पाहिजे हा स्वभाव. त्यालाही निवडुंगांचा नाद होता. तो पुंगोलला येऊन रोप बघून गेला आणि तोंडभरून बोलला. सरोजिनीचं असं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं. पुढच्या रविवारी हॉकर सेंटरमधल्या ठेल्यावर तिथली कॉफी, कोपी, पिता पिता तो म्हणाला, "ताई, टेकडी तरी कशी आहे, सांगा ना." आणि या शहाण्या बाईने टिश्यूवर नकाशा काढला. कोरडी विहीर, तिसरं वळण, सगळं. कौतुकाने माणूस असा खुळा होतो.

वर्षभराने मास्तरांचं ईमेल आलं. त्यांची मुलगी इंग्रजीत लिहून द्यायची. टेकडी कुणीतरी खणून नेली होती. सोबतच्या फोटोत नुसती भोकं होती, भेगेभेगेत एकेक. मास्तरांच्या वाटिकेतली त्या टेकडीची सगळी रोपंही त्याच आठवड्यात चोरीला गेली होती. आणि महिनाभरात विश्वासच्या बाल्कनीत अकरा निवडुंग आले. त्याने नकाशा एका व्यापाऱ्याला दिला होता, त्यानेच झाडं उपटवून, लपवून आणली होती. लाजणं दूरच, वर हा गृहस्थ हसून म्हणाला, "ताई, तुमच्या नकाशाची कमाल हो!"

सरोजिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने झाडांची तस्करी पकडणाऱ्या सरकारी कचेरीचा नंबर फिरवला आणि पहिल्याच रिंगला फोन ठेवला. जागा कुणी सांगितली, हे ते विचारणार होते. मास्तरांनाही तिने तोवर काही कळवलं नव्हतं.

तरी राग गिळून ती एकदा विश्वासकडे गेली. हा निवडुंग एकट्याच्या परागांवर बी धरत नाही, त्याला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. आता जगात त्या टेकडीचे, तिच्या माहितीत, बाराच उरले होते. अकरा याच्याकडे, एक तिच्याकडे. फुलं येतील तेव्हा पराग दे, बी धरेल, मास्तरांना पाठवता येईल, असं तिने हात जोडून सांगितलं. विश्वास म्हणाला, "आणि मग सगळ्यांकडे झाला तर मजा काय राहिली?"

त्या दिवशी बसमध्ये तिने ठरवलं की या माणसाच्या डोळ्यांदेखत ते अकराच्या अकरा जायला हवेत. कसे, ते ठाऊक नव्हतं. लॅबमधल्या कुठल्या बाटलीने काय होईल याचा विचारही तिने केला, आणि स्वतःचीच भीती वाटून सोडून दिला.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये विश्वास ऑफिसच्या कामासाठी दीड महिना लंडनला गेला. त्याच्या बायकोने, शैलाने, चैत्रातलं हळदीकुंकू ठेवलं आणि सरोजिनीलाही बोलावलं. पन्हं झालं, डाळ झाली, बायका पांगल्या. शैला तिला बाल्कनीत घेऊन गेली.

"इथे माझा मोगरा होता हो, ताई," ती म्हणाली. "कढीपत्ता होता, ओव्याची कुंडी होती. यांनी एका दिवसात सगळं कचऱ्याच्या चूटमध्ये टाकलं, ह्या अकरा जणांना ऊन लागायला हवं म्हणून. तुळस तेवढी ठेवली, तीही मी हातापाया पडले म्हणून."

तुळशीत पाणी होतं. शेजारच्या अकरा कुंड्यांतही होतं. आंघोळ झाल्यावर तुळशीला तांब्या घालायचा, ही आपल्या बायकांची सवय. आणि देवाच्या झाडाला पाणी घालून शेजारच्याला उपाशी ठेवायचं शैलाच्या जिवावर येत होतं.

"हे म्हणाले होते फार पाणी घालू नकोस. मी फार नाही घालत, रोज एकच तांब्या सगळ्यांत मिळून. काय उकाडा आहे! बघा ना, कसे टरारलेत. बरोबर करतेय ना मी? तुम्हाला यातलं कळतं."

सरोजिनीने एका कुंडीत बोट घातलं. माती पार तळापर्यंत ओली होती. निवडुंग फुगून गुटगुटीत दिसत होते. कुजण्याआधी ते तसेच दिसतात. अजून वेळ गेली नव्हती. कुंड्यांतून काढून, मुळं पुसून आठवडाभर वाऱ्यावर ठेवले असते तर निम्मे तरी वाचले असते. तसं सांगायला एक वाक्य पुरे होतं. हे गेले तर आपल्याकडचाही जन्मभर वांझ राहणार, हेही तिला स्वच्छ दिसत होतं. आणि त्याच वेळी तिला विश्वासचं ते हसणं आठवलं.

"छान झालेत," ती म्हणाली. "घालत राहा."

मग तिने वाटीतली उरलेली डाळ संपवली. तिला ती फार चविष्ट लागली.

पुढचे तीन आठवडे ती इतकी खुशीत होती की लॅबमधल्या पोरी विचारू लागल्या, काय विशेष? एप्रिलअखेर विश्वासचा फोन आला, आवाज रडवेला. "ताई, ताबडतोब या. तुम्हीच काहीतरी करू शकाल." तिने ठेवणीतली नारायणपेठी नेसली आणि गेली.

वर्तमानपत्रावर अकरा निवडुंग ओळीने मांडले होते. बोट लावलं की आत जात होतं, आणि तपकिरी पाणी सुटत होतं. खोलीभर वास होता. विश्वास कोपऱ्यात उभ्या असलेल्या शैलावर ओरडत होता. "अडाणी! वीस वर्षं माझ्या घरात राहून एवढी अक्कल आली नाही? कुणाला विचारायचं तरी!"

सरोजिनी याच क्षणाची वाट बघत होती. आता शैला सांगेल, हा वळून बघेल, आणि आपण त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणू, हो, मीच. शैलाने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "नाही विचारलं कुणाला," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

सरोजिनीचा घास कुणी हिसकावून घेतल्यासारखं झालं. ती पुढे झाली. "तिने मला विचारलं होतं, विश्वास. मी म्हटलं, घालत राहा. मुद्दाम म्हटलं. तू टेकडी खाल्लीस म्हणून."

विश्वासने कपाळाला हात लावला. "ताई, हिला वाचवायला खोटं बोलू नका. तुमच्यासारखी बाई असं करणं शक्य तरी आहे का? फार मोठं मन आहे तुमचं." आणि त्याने तिला वाकून नमस्कार केला.

तिला त्याच्या डोक्यात कुंडी घालावीशी वाटली. त्याऐवजी ती चपला घालून लिफ्टपाशी आली. शैला सोडायला आली होती.

"का लपवलंस?" सरोजिनीने विचारलं.

"तुम्ही बोट घातलंत ना कुंडीत, तेव्हाच तुमच्या तोंडावर दिसलं मला," शैला शांतपणे म्हणाली. "दुसऱ्या दिवसापासून मी दोन तांबे घालायला लागले. माझा मोगरा बारा वर्षांचा होता, ताई. ते तुमचं एकटीचं काम नव्हतं, मग तुमचं एकटीचं नाव कशाला सांगू?"

लिफ्ट आली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि पहिल्यांदा हसली ती सरोजिनी.

ते हसू घरापर्यंत पुरलं नाही. फॅनसमोरच्या तिच्या निवडुंगाला एक पांढरं फूल आलं होतं, आणि त्याला द्यायला पराग जगात कुठे नव्हते. तिने संगणक लावला आणि एलिसेओ मास्तरांना सगळं लिहिलं. टिश्यूवर नकाशा मीच काढला. ते अकरा माझ्या डोळ्यांसमोर वाचले असते, मी वाचू दिले नाहीत. विश्वासबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही, तुमच्याबद्दल वाटतं.

पाच दिवसांनी मुलीचं उत्तर आलं. बाबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं, तिने लिहिलं होतं. त्यांनी मला पाहुण्यांची वही आणायला सांगितली आणि तुमचं नाव खोडलं.