गाल लावून ओल शोधणारी मथुरामावशी

मथुरामावशी माह्या आईची लहान बहीण. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माहं गाड्यांच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप आहे, तिथं ती दहा वर्षांपासून कामाले आहे. मालक मी, पण डाफरते ती. "धम्मरत्न, चहा पिणं झालं असन तं कामाले लाग," हे मले दिवसातून चारदा ऐकावं लागते.

आधी ती लोकाइच्या घरच्या भिंती लिंपे, सारवे. माती-चुन्यानं हाताले इतके घट्टे पडले का तिले थंड-गरम काही समजत नाही. म्हणून भिंत ओली का कोरडी हे पाहाले ती गाल लावते. "हात मेले, गाल जित्ता हाय," म्हणते. पहिल्यांदा तिनं वर्कशॉपात तसं केलं तवा पोरं फिदीफिदी हसले, मावशी गाडीचा मुका घेऊन राह्यली म्हणे. मावशी म्हणे, "तुमच्यापेक्षा गाडीच बरी, दाढी तं टोचत नाही."

मागच्या मे महिन्यात नेमसिंगकाका आपली घरगाडी अन् बायकोले घेऊन आले. काका दारव्ह्याजवळच्या तांड्यातले, तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. अख्खं राज्य पालथं घातलं, पण बायकोले, बिजलीबाईले, यवतमाळच्या पुढं कधी नेलं नाही. रिटायर झाल्यावर जुनी मोठी व्हॅन घेतली अन् आत पलंग, ओटा, पंखा सगळं बसवून घेतलं. बिजलीबाईले समुद्र पाह्यचा होता, तोही पावसातला. जूनमध्ये निघायचं ठरलं. पण आदल्या पावसाळ्यात दाराजवळच्या पलंगाशी भिंत फुगलेली, आताच्या अवकाळी पावसानं पुन्हा ओली झालेली, आत कुबट वास, अन् बिजलीबाईले दमा. तिनं साफ सांगतलं, "वास गेला तं येईन. नाही तं गाडी विकून टाका, मी घरीच बरी."

काकानं छतावर तीनदा डांबर फासलं होतं. टिनाच्या घराचं गळणं तसंच बंद होते, मग गाडीचं काहून नाही? मीही छताकडं पाहून मान हालवली. मावशीनं आमचं दोघाइचं ऐकलंच नाही. आत गेली, पलंगावर गुडघे टेकले अन् भिंतीले गाल लावून बोट-बोट वर सरकत गेली. छताखालची जागा सगळी कोरडी. ओल होती ती दाराच्या वरून खाली पलंगापर्यंत. मग बाहेर येऊन तिनं दारावरचं तोरण उचललं. कवड्या-आरशाचं तोरण, बिजलीबाईनं आपल्या आईच्या जुन्या घागऱ्यातून शिवलेलं. त्याच्यामागं पाच स्क्रू, पत्र्यातून आरपार.

"हे कोणं मारले?" मावशीनं इचारलं.

काका चपलेकडं पाहून राह्यले. त्याइच्या घरी नव्या दाराले तोरण लागतेच, अन् ही गाडी म्हणजे घरच. म्हणून मोठ्या हौसेनं ड्रिल मशीन आणून त्याइनंच ते लावलं होतं. त्या पाच छेदातून पाणी आत शिरलं अन् पत्रा-प्लायच्या मधातून खाली पलंगाशी साचलं.

"म्याच लावाले सांगतलं होतं," बिजलीबाई म्हणाली. तिचे डोळे भरले. "आता ते काढूनच टाका." मले लय वाईट वाटलं.

"तोरणानं काय केलं?" मावशी म्हणे. "ते धुऊन वाळू घाला. भिंतीचं मी पाहतो."

आतली प्लाय काढली तं मागची लाकडी पट्टी भिजल्या बिस्किटासारखी हातात आली. सडलेलं सगळं कापून फेकलं. मले वाटलं, आता नवीन प्लाय ठोकावी अन् मोकळं व्हावं. काकालेही घाई. पण मावशी दारात आडवी बसली. "ओल्यावर झाकण घातलं तं पुढच्या वर्षी हेच रडगाणं. सहा दिवस उघडं राहू द्या."

"मे महिन्यात सहा दिवस? पापड दोन तासात वाळते," मी चिडून म्हटलं.

"हा पापड नाही," ती म्हणाली. आमचं चांगलंच वाजलं. दोन दिवस आम्ही बोललो नाही. शेवटी तिचंच झालं, नेहमीसारखं.

सातव्या दिवशी नवीन पट्टी अन् वॉटरप्रूफ प्लाय बसवली. पाचही छेद पत्र्याच्या तुकड्यानं अन् सीलंटनं बंद केले, खिडकीचं रबरही बदललं. तोरण मावशीनं आतून पडद्याच्या दांडीले बांधलं.

मग परीक्षा. बिजलीबाईले आत बसवलं, दार-खिडक्या बंद केल्या, अन् मी पाइपानं दारावर पाण्याचा मारा सुरू केला. काका बाहेर येरझारा घालून राह्यले, दवाखान्यात बायको बाळंत होऊन राह्यल्यासारखे. पाऊण तास झाला. आतून खोकला नाही, आवाज नाही. काका घाबरले. "ही काहून बोलत नाही?"

दार उघडलं तं बिजलीबाई नव्या भिंतीले पाठ लावून डाराडूर झोपलेली. काका तिथंच स्टेपनीच्या टायरवर बसले अन् रडले. मलेही भरून आलं, खोटं कायले सांगू.

जूनच्या शेवटी, एका दुपारी, मावशीले फोन आला. तिनं स्पीकरवर टाकला. मागं पावसाचा अन् लाटाइचा आवाज.

"मथुराबाई, चार दिवसांपासून झोडपून राह्यला," बिजलीबाई म्हणाली. "भिंत ठणठणीत कोरडी. वास नाही, काही नाही."

"मग आत बसा, सर्दी होईन."

"आत कायले? आम्ही दोघं सकाळपासून पाण्यात उभे हाओ. चिंब भिजलो."

मावशी लय वेळ हसत राह्यली. फोन ठेवल्यावर मले म्हणे, "ह्याइच्यासाठी तुह्याशी दोन दिवस बोलली नाही मी."