बाईंची राहिलेली वेचणी

इंग्लंडातल्या एका दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या बाईचा माझ्या मामेसासऱ्यांइतका लळा लागलेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडणार नाही, आणि खुद्द इंग्लंडात तरी सापडेल की नाही याची मला शंकाच आहे. ही बाई कादंबऱ्या लिहायची. राणीच्या राज्यातली, कापडगिरण्यांच्या गावात राहणारी, धुरानं काळवंडलेल्या खिडकीशी बसून गिरणीतल्या पोरींची सुखदुःखं मांडणारी. तिचं नाव मामा कधी घेत नाहीत. घरच्या थोर बायकांचा नावानं उल्लेख करायचा नसतो, म्हणून ते तिला नुसतं ‘बाई’ म्हणतात. देवळीला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत बाजाराच्या दिवशी जी बैठक भरते, तिच्या पाटीवरही ‘बाई वाचक मंडळ’ एवढंच आहे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा भिंतीवर एका गोऱ्या बाईचा फोटो आणि त्याला कापसाची वस्त्रमाळ पाहून मी भाबडेपणानं विचारलं, “या आपल्या कोण?” मामींनी कपाळाला हात लावला. मामा सांगत सुटले आणि त्या दिवशी पानं चार वाजता वाढली गेली.

मामा कापूस संकलन केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा, धागा किती लांब निघतो ते डोळ्यांजवळ नेऊन पाहायचं आणि ए, बी की सी ते सांगून मोकळं व्हायचं. वजन वाढावं म्हणून पाणी मारून आणलेला कापूस तर ते हात न लावता, नुसत्या वासावरून ओळखत. जन्मभर हेच केल्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला ग्रेड दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. भाजीला ग्रेड, पाहुण्याला ग्रेड, कीर्तनाला ग्रेड. माझ्या लग्नात त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि भर मांडवात सासूबाईंना निकाल सांगितला, “बी हाये. पन कोरडा हाये.” कोरडा म्हणजे पाणी न मारलेला, सरळ माणूस. हे मला तीन वर्षांनी कळलं. तोवर मी त्यांच्यावर फुगून होतो.

बाईंची आणि त्यांची गाठ पडली तीही या ग्रेडिंगपायीच. वर्ध्याला कॉलेजात असताना बाईंची एक कादंबरी त्यांना अभ्यासाला होती. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. गाइड पाठ केलं, दोनदा नापास झाले आणि शिक्षण सोडून केंद्रावर लागले. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे घेऊन घरी आले ते एकदम गंभीर होऊन. मामींना म्हणाले, “जिंदगीत एकच माल न ओढता सी म्हनून फेकला. तो पाहून घेतो.” मग डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी ती कादंबरी चौदा महिन्यांत वाचून काढली आणि शेवटच्या पानावर ढसाढसा रडले. रडण्यात पश्चात्ताप किती आणि गोष्ट किती, हे मामींनाही सांगता आलं नाही. शिवाय त्यांना एक शोध लागला होता. आपल्या भागातला कापूस त्या काळी जहाजातून तिकडच्या गिरण्यांना जाई; म्हणजे त्यांच्या पणज्यानं पिकवलेल्या कापसाचं लुगडं, तिकडच्या भाषेत झगा, बाईंनी अंगावर घातलेला असणार. “आपल्या वावराचं सूत नेसत होती बाई,” ते सांगत, “तिचे दोन शब्द आयकून घेनं आपल्याले लागते का नाई?”

तेव्हापासून मंडळ. नवी कादंबरी उघडायची तर आधी सीतादही. पहिल्या वेचणीला वावरात जसा दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच बोंडाला हात लावतात, तसा इथं पुस्तकापुढे दहीभात ठेवायचा. मग मामा इंग्रजी वाक्य मनात वाचणार, अंगठ्यांनी हवेतच काहीतरी ओढल्यासारखं करणार आणि वऱ्हाडीत सांगणार. एखादं प्रकरण पसरट निघालं तर बाईंचीही गय नाही. “हे फरदड हाये,” म्हणत चार पानं उलटणार. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर तेच झाड राखून काढलेला उरलासुरला कापूस. ऐकायला सात-आठ माणसं. त्यांतले आंजीचे एक म्हातारे कंपाउंडर, ज्यांना कादंबरीतल्या प्रत्येक आजाऱ्याला कोणतं औषध द्यायला हवं होतं ते ठाऊक असे. आणि पवनारच्या वांगेवाल्या काकू. त्या बाजारात भाजी घेऊन येत. पाटी वाचून त्यांना वाटलं, बायांचा बचत गट असेल, म्हणून टोपली दाराशी ठेवून आत बसल्या. तासाभरानं गट नाही हे कळलं. उठता उठता एवढंच म्हणाल्या, “मंग त्या पोरीचं काय झालं?” तेव्हा लागलेली सवय अजून सुटलेली नाही. त्यांना सहाची बस असते म्हणून वाचन पावणेसहाला थांबतं. मंडळाची घटना म्हणाल तर ती एवढीच.

एकामागून एक, एक सोडून बाईंच्या सगळ्या कादंबऱ्या झाल्या. मधल्या काळात मामी गेल्या. मुलगी लांब, बंगळुरूला. मग शेवटच्या कादंबरीचं सीतादही झालं. एका घड्याळजीची पोर, तिचा मनातला माणूस जहाजावर गेलेला, आणि मंडळ त्या पोरीला ‘आपली पोरगी’ म्हणू लागलेलं. अर्धी कादंबरी झपाट्यानं झाली आणि मामा मंदावले. दर बैठकीला दहा पानं व्हायची, ती चारवर आली, मग एकावर. कधी चष्मा सापडेना. कधी म्हणत, “मागचं प्रकरन नीट समजलं नाई तुमाले, पुन्हा सांगतो.” कंपाउंडर चिडून मला म्हणाले, “तुमचे मामाजी कापसाची गाडी फाटकातच उभी करून राह्यले.”

मी एकदा दुपारी गेलो तर मामांनी पुस्तक माझ्या हाती दिलं. “शेवटलं पान पाहा.” पाहिलं. गोष्ट संपलेली नव्हती, थांबली होती. शेवट लिहायचा राहिला आणि बाई गेल्या. हे त्यांना प्रस्तावनेतून पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि सांगायचा धीर होत नव्हता. “हे सरलं का बाईचं काईच उरत नाई, जवाईबापू. मंग कोन येते इथं? काऊन येईन?” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “बाजाराच्या दिवशी मानसं येतात म्हनून मी बाकीचे सहा दिवस काढतो.” मामांच्या तोंडून असं सरळ काही मी कधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी गळ घातली, तुम्ही दिवाळी अंकात लिहिता, तेवढा शेवट लिहून द्या, बाईंचा म्हणून वाचतो. मी जीव ओतून बारा पानं लिहिली. जहाज परत आणलं, चांदणं पाडलं, दोघांना रडवलं. मामांनी पानांचा कोपरा चिमटीत धरला, नाकाजवळ नेला आणि परत दिला. “पानी मारलं.”

शेवटी तो दिवस आलाच. पोरगी दाराशी जाते, बाहेर कुणाची तरी चाहूल लागलेली असते, इथवर वाचून मामांनी पुस्तक मिटलं.

“पुढं?” कंपाउंडर म्हणाले.

“पुढं नाई. बाई इथंच गेल्या.”

काकूंनी डोक्यावर पदर घेतला. “कशानं गेल्या?”

“एकाएकी. बसल्या जागी.”

तेवढ्यात स्टँडावरून बसचा भोंगा ऐकू आला. मला वाटलं, आता काकू उठतील, मागोमाग बाकीचे, आणि आटोपलं सगळं. मामा तर पाटी उतरवायला निघाल्यासारखे उठून उभे राहिले होते. काकू हलल्या नाहीत. बस गेली तशा म्हणाल्या, “माहा मालक गेला तवा कापूस फुटून उभा होता. मी तं घरात पडून. न बोलवता गाव आलं, एकएकानं झाडांची एकएक पात धरली, आठ दिवसांत वावर वेचून घरी आनून देल्लं. मालक मेला म्हनून उभा कापूस कोनी झाडाले ठेवते का? बाईचाई वेचून टाकू. नंबर लावा.”

तसे नंबर लागले, त्याला आता चार वर्षं झाली. दर बाजारी एक जण दारापासून पुढची गोष्ट सांगतो. आपल्या पोरीची लग्नं किती झाली याची गणती नाही. कंपाउंडरांनी तिला नर्स केलं आणि जहाजवाल्याला हिवतापानं मारलं. काकूंनी तिच्या नावावर विहिरीसकट दोन एकर करून दिले आणि सांगितलं, “आता ज्याले यायचं त्यानं यावं, नाई तं नाई.” मी इतका भारी शेवट छापील पुस्तकातही वाचलेला नाही. मामा ऐकतात, खिशातला कापसाचा पुंजका काढून ओढतात आणि निकाल देतात. बी. बी. सी. काकूंनाही बीच. मला तर या कंजूषपणाचा मनस्वी राग येई.

मागच्या बाजारी माझा नंबर होता. या खेपेला मी काहीच लिहून नेलं नाही. पोर दार उघडते, बाहेर कुणी नसतं, आणि दार उघडंच ठेवून ती कामाला लागते, एवढं सांगितलं. मामांनी पुंजका दोनदा ओढून पाहिला. मग “बी” म्हणाले.

सगळे गेल्यावर मी भांडायलाच बसलो. “मामा, चार वर्षांत एकालाही ए नाही? काकूंनासुद्धा?”

ते पुंजका ओढत होते. हल्ली धागा मध्येच तुटतो. “जवाईबापू, ए भेटला का कास्तकार काय करते? गाडी खाली करते अन् घरी जाते. बीवाला भांडते. पुन्हा येते.” तुटलेला धागा त्यांनी जपून पुंजक्यात परत दाबला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “पुढल्या बाजारी कोनाचा नंबर हाये?”

नंबर कंपाउंडरांचा होता. मी म्हटलं, “माझाच.”

“मंग येजा,” मामा म्हणाले आणि खुर्च्या भिंतीला लावू लागले.