पायऱ्या मोजणाऱ्या वन्सं

आमच्या वन्संना घेऊन जो दिल्लीत चारचौघांत वावरला, त्याला पुढे आयुष्यात कशाचीच भीती वाटू नये. माझी मात्र तेवढी प्रगती कधी झाली नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लहानपणी पोलिओ झालेला, काखेत कुबड्या आणि नोकरी विद्यापीठात. अपंगांचे हक्क, कातडीच्या रंगावरून होणारा भेद आणि इंग्रज गेले तरी आपल्या डोक्यातून न गेलेलं त्यांचं राज्य, हे सगळं एकाच धाग्यात ओवणारं त्यांचं संशोधन होतं. ते ग्रंथालयात थांबलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण त्यांच्या पर्समध्ये शिंप्याची टेप असे. एखादी सरकारी इमारत दिसली की त्या पायरीची उंची मोजत, आणि टेपचं खालचं टोक धरायला मी. एकदा पहारेकरी धावत आला. "अंग्रेज़ साहब जात ठहराने को हमारी नाक नापकर गए," वन्सं शांतपणे म्हणाल्या, "मैं उनकी सीढ़ियाँ नाप रही हूँ." माझा नवरा त्याच इमारतीत नोकरीला होता, त्यामुळे मी पदर तोंडावर ओढून बसले.

समारंभ म्हटला की माझ्या पोटात गोळा येई. बारशाला कुणीतरी म्हणणारच, "नाक छान आहे हो, रंगानं जरा सावळी." ते कानावर यायच्या आत मी वन्संच्या ताटात जिलेबी वाढायला धावे. जिलेबी सावकाश संपवून त्या विचारत, "जरा म्हणजे किती? आणि मोजायचं कुणापासून?" मग घरी जाईपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे.

मुनिरक्याला त्या तळमजल्यावर भाड्यानं राहत. सोबत नायजेरियाहून शिकायला आलेली एक मुलगी, तिला पिठलं करता येई. नव्वदीनंतर जो तो बांधकामाला लागला, तसा त्यांचा घरमालकही लागला. तळाला दुकानं, वर मजले. त्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली, वन्संना घर मिळेना. तेवढ्यात आम्हा सरोजिनी नगरच्या मराठी मंडळींच्या सोसायटीची यमुनेपलीकडची घरं तयार झाली. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली. आम्हाला तिसरा मजला आला, वन्संना चौथा. लिफ्ट नाही. तळमजला आला अध्यक्षकाकांना. आता अदलाबदल केली तर तेच करणार.

संक्रांतीच्या दिवशी आमच्या मंडळींची बस दरवर्षी पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. परतीच्या वाटेवर काकांकडे विषय काढायचा असं ठरलं. तोवर गप्प राहण्याचं वचन मी वन्संकडून घेतलं. त्यांनी दिलंही. मी बसमध्ये अथर्वशीर्ष म्हणत होते.

स्मारकापुढे काका बोलायला उभे राहिले. पडलेल्या वीरांबद्दल ते बराच वेळ बोलले. ते थांबले आणि मागून आवाज आला, "काका, मेलेल्यांना आपण दरवर्षी हात जोडतो. ज्यांचे हातपाय गेले आणि तरी जे जगले, त्यांचं पुढे काय झालं?"

झालं, घराचं पानिपत झालं. कुणी वर बघेना. काकांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला आणि भाषण तिथंच संपवलं.

चहाच्या वेळी ते आमच्याकडे आले. मी माफी मागायला उठले, पण ते वन्संशीच बोलले. "माझ्या मोठ्या भावाला चालता येत नव्हतं. पाहुणे आले की आई त्याला आतल्या खोलीत ठेवून कडी लावायची. आम्ही त्याच्याबद्दल कधी बोलत नाही." मग म्हणाले, "तळमजला तुम्ही घ्या."

वन्संनी आभार मानले नाहीत. विचारलं, "नाव काय त्यांचं?"

"वसंत," काका म्हणाले. मग चहा तसाच ठेवून ते बसकडे गेले.

वन्संनी घर घेतलं आणि पहिल्याच बैठकीत लिफ्ट मागितली. एकाच्या सोयीसाठी सगळ्यांनी खर्च का करायचा, असं म्हणत लिफ्ट नको असं ठरलं. "तळमजला दिलात म्हणजे मी तळमजल्यावरच राहायचं का?" एवढंच त्या म्हणाल्या. चहाला मीच खाली जात असे. माझा ओटा कसा आहे, खिडकीतून काय दिसतं, ते त्या खोदून खोदून विचारत.

त्या गेल्यावर लिफ्ट लागली. बैठकीत आता कुणी भलतं विचारत नाही, बारशाला मला जिलेबी घेऊन धावावं लागत नाही. पोटात गोळा येत नाही, याचंच वाईट वाटतं. लिफ्टचं दार माझ्या मजल्यावर उघडतं तेव्हा मी अजून क्षणभर थांबते. इतकी वर्षं एकाच जिन्यापाशी राहूनही वन्संनी माझं घर पाहिलं नाही.